न्यायमूर्तींच्या नावापुढे ‘यस’ की ‘नो’? कॅलिफोर्नियाच्या बॅलटवरच्या रिटेन्शनच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सॅन्टा क्लारा काउंटीत राहता, नागरिकत्व नुकतंच मिळालंय आणि नोव्हेंबरचं पहिलंच बॅलट घरी आलंय. गव्हर्नर वगैरे पदं संपल्यावर न्यायमूर्तींची नावं लागतात आणि प्रत्येक नावापुढे फक्त ‘यस’ आणि ‘नो’; हेच रिटेन्शन, म्हणजे पदावर कायम ठेवावं का याचं मतदान. समोर दुसरा उमेदवार नाही, पक्षाचं नाव नाही, आणि यातलं एकही नाव ओळखीचं नाही. तुम्ही विचारलंय की रिकामं सोडलं तर बॅलट बाद होतं का, ग्रुपवर फिरणारी ‘सगळ्यांना नो’ ही यादी मानावी का, आणि फ्रीमाँटच्या मित्राच्या बॅलटवर वेगळी नावं कशी काय.

रिकाम्याचं आधी सांगून टाकतो, कारण ते सोपं आहे. बॅलट बाद होत नाही. त्या एका प्रश्नापुरतं तुमचं मत धरलं जात नाही, बाकीचं सगळं मोजलं जातं. निकाल लागतो तो फक्त ‘यस’ आणि ‘नो’ यांच्या बेरजेवर, त्यामुळे कोरी जागा कोणाच्याच बाजूला जात नाही. टपालाने पाठवलेलं बॅलट अडकतं ते बहुधा पाकिटावरच्या सहीपायी: सही करायची राहते, नाहीतर नोंदणीच्या वेळच्या सहीशी जुळत नाही. तसं झालं तर काउंटीचं निवडणूक कार्यालय कळवतं आणि सही दुरुस्त करायला मुदत देतं. ते पत्र आलं तर बाजूला टाकू नका.

आता मूळ अडचण. तुम्ही या नावांकडे निवडणूक म्हणून बघताय, म्हणजे ‘यांच्यातून चांगला कोण’ असा प्रश्न मनाशी धरून. तो प्रश्न इथे विचारलेलाच नाही. बॅलटवरच्या वाक्याचा अर्थ एवढाच आहे की अमुक न्यायमूर्तींना कायद्याने ठरलेल्या मुदतीसाठी या पदावर निवडावं का. ही व्यक्ती आधीच नेमलेली आहे, काम करते आहे, निकाल देते आहे. तुम्हाला विचारलंय की तिला तिथून काढावं असं काही तिच्या हातून घडलंय का. प्रश्न असा मांडला की निम्मा गोंधळ मिटतो, कारण आता दोन माणसांची तुलना करायची नाही, एका माणसाचं काम तपासायचं आहे.

इथे पोचण्याआधी काय काय झालेलं असतं ते बघा. कॅलिफोर्नियात सर्वोच्च न्यायालयात सात न्यायमूर्ती आहेत, आणि खाली अपील न्यायालयाचे सहा जिल्हे. जागा रिकामी झाली की गव्हर्नर नाव सुचवतो. त्याआधी स्टेट बारची, म्हणजे राज्यातल्या वकिलांच्या संस्थेची, एक समिती त्या व्यक्तीची छाननी करते. तिच्याबरोबर आणि तिच्यासमोर काम केलेल्या वकील-न्यायाधीशांकडून गोपनीय अभिप्राय मागवून चारपैकी एक श्रेणी देते: अपवादात्मक पात्र, उत्तम पात्र, पात्र, अपात्र. मग तीन जणांचा आयोग जाहीर सुनावणी घेतो. त्यात राज्याचे सरन्यायाधीश, ॲटर्नी जनरल आणि अपील न्यायालयातले एक ज्येष्ठ पीठासीन न्यायमूर्ती असतात. आयोगाने मान्यता दिली की शपथ. त्यानंतर गव्हर्नरची जी पुढची निवडणूक येईल, तिच्यात हे नाव मतदारांपुढे येतं. म्हणून ही नावं २०१८, २०२२, २०२६ अशा वर्षांत दिसतात, राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीच्या वर्षी नाही.

मुदत बारा वर्षांची असते, पण सगळ्यांची पूर्ण बारा नसते. कोणी मुदत संपण्याआधी निवृत्त झालं आणि त्या जागी नवा माणूस आला, तर मतदार त्याला आधीच्या माणसाच्या उरलेल्या मुदतीपुरतं कायम करतात. त्यामुळे कोणाला चार, कोणाला आठ, कोणाला बारा वर्षं मिळतात. ‘हे नाव मागच्याच वेळी पाहिलं होतं, परत कसं?’ असं कधी वाटलं तर कारण हेच.

आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना मतदार कधी भेटतच नाही. कॉलेजियमची शिफारस, राष्ट्रपतींची नेमणूक आणि बासष्टाव्या वर्षी निवृत्ती. त्यामुळे हा प्रकार तुम्हाला परका वाटणं स्वाभाविक आहे. अमेरिकेतही तो एका जुन्या भांडणातली तडजोड म्हणून आला. अनेक राज्यांत न्यायाधीश थेट निवडून येत, पक्षाच्या तिकिटावर, पक्षाच्या पैशावर. मग खटला ज्याच्याविरुद्ध आहे तोच न्यायाधीशाच्या प्रचाराला पैसे देणारा निघे. दुसरीकडे नुसत्या नेमणुकीत लोकांना काहीच अधिकार उरत नाही. कॅलिफोर्नियाने १९३४ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून अपील पातळीवर मधला मार्ग काढला: नेमणूक वरून, कायम करणं लोकांकडून. मिझुरीने १९४० मध्ये त्याला नामनिर्देशन समितीची जोड दिली. तिथे समिती तीन नावं देते आणि गव्हर्नरला त्यांतूनच एक निवडावं लागतं. पुढे बऱ्याच राज्यांनी हा नमुना उचलला, प्रत्येकाने आपल्या सोयीने बदलून.

काउंटीच्या सुपीरियर कोर्टाचे न्यायाधीश या प्रकारात येत नाहीत, हे लक्षात असू द्या. त्यांची मुदत सहा वर्षांची असते आणि त्यांची निवडणूक खरीखुरी असते, समोरासमोर उमेदवार असलेली. विरोधात कोणी उभं राहिलं नाही तर त्यांचं नाव बॅलटवर छापतच नाहीत. तुमचा घटस्फोट, भाडेकरूचं प्रकरण, ट्रॅफिकचा खटला ज्यांच्यापुढे चालतो ते हे न्यायाधीश. तिथल्या अनुभवाचा राग अपील न्यायमूर्तींच्या नावापुढे ‘नो’ करून काढला तर तो भलत्याच माणसावर निघतो.

फ्रीमाँटच्या मित्राचं कोडं भूगोलाचं आहे. सर्वोच्च न्यायालयाची नावं अख्ख्या राज्यात सारखी असतात. अपील न्यायालयाची नावं मात्र जिल्ह्याप्रमाणे बदलतात, आणि हे जिल्हे काउंट्या जोडून केलेले आहेत. सॅन्टा क्लारा, सॅन्टा क्रूझ, मॉन्टरे आणि सॅन बेनिटो मिळून सहावा जिल्हा होतो, त्याचं कोर्ट सॅन होजेला. फ्रीमाँट अलामीडा काउंटीत, म्हणजे पहिला जिल्हा, कोर्ट सॅन फ्रान्सिस्कोत. तुमच्यापैकी कोणी घर घेऊन माउंटन हाउसला गेलं असेल तर ती सॅन वाकीन काउंटी, तिसरा जिल्हा, कोर्ट सॅक्रामेंटोत. लॉस एंजेलिसचा दुसरा आणि दक्षिणेचा चौथा जिल्हा मोठे आहेत आणि त्यांत अनेक विभाग आहेत. मतदार जिल्ह्यातल्या सगळ्या विभागांच्या नावांवर मत देतो, म्हणून तिथल्या बॅलटवर नावांची लांबलचक रांग लागते. अर्व्हाइनच्या माणसाला सॅन डिएगोत बसणाऱ्या न्यायमूर्तींवरही मत द्यायचं असतं.

‘नो’ जास्त झाले तर काय होतं, हे मत देण्याआधी माहीत हवं. जागा दुसऱ्या कोणा उमेदवाराला मिळत नाही. चालू मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते, जागा रिकामी होते आणि गव्हर्नर नवं नाव सुचवतो. म्हणजे तुमचं ‘नो’ हे प्रत्यक्षात ‘हा नको, गव्हर्नर देईल तो चालेल’ असं मत आहे. गव्हर्नर कोण आहे, जानेवारीत कोण असेल, याचा विचार न करता दिलेलं ‘नो’ अर्धवट विचार करून दिलेलं असतं.

आणि ज्या निकालाच्या रागातून ‘नो’ दिलं, तो निकाल? तो जागच्या जागी राहतो. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आयोवाचं. ३ एप्रिल २००९ रोजी आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहांवरची बंदी घटनाबाह्य ठरवली. सातही न्यायमूर्ती एकमताने त्यात होते. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांपैकी तिघांची नावं बॅलटवर होती: सरन्यायाधीश मार्शा टर्नस, मायकल स्ट्राइट आणि डेव्हिड बेकर. मोठी मोहीम झाली आणि तिघेही गेले. पण निकाल उभाच राहिला आणि लग्नं होत राहिली. ज्यांनी ते निकालपत्र लिहिलं होतं ते मार्क केडी त्या वर्षी बॅलटवर नव्हतेच. पुढे तेच सरन्यायाधीश झाले आणि २०१६ मध्ये मतदारांनी त्यांना कायम केलं. निकाल बदलायचा असेल तर घटनादुरुस्ती किंवा कायदेमंडळ हा रस्ता आहे, माणूस काढणं नव्हे.

पण इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. माणसं बदलल्याने कायद्याची दिशा कधीच बदलत नाही, असं मी म्हणणार नाही. कॅलिफोर्नियातलंच १९८६ घ्या. सरन्यायाधीश रोझ बर्ड १९७७ मध्ये जेरी ब्राउन यांनी नेमलेल्या. १९७८ मध्ये त्या काठावर टिकल्या होत्या. मृत्युदंडाची साठहून अधिक प्रकरणं त्यांच्यापुढे आली आणि प्रत्येक वेळी त्यांनी शिक्षा रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं. नोव्हेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले सहा जण बॅलटवर होते. त्यांपैकी बर्ड, क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन हे तिघे गेले. त्याच दिवशी पुन्हा निवडून आलेले गव्हर्नर डुकमेजियन यांना एकदम तीन जागा भरायला मिळाल्या आणि माल्कम लुकस सरन्यायाधीश झाले. त्यानंतर मृत्युदंडाच्या शिक्षा कायम होण्याचं प्रमाण झपाट्याने वाढलं. आयोवात सातांतले तीन गेले तरी बहुमत तेच राहिलं, कॅलिफोर्नियात तीन जागांनी पारडं फिरलं. म्हणजे ‘नो’चा परिणाम त्या वर्षी किती जागा बॅलटवर आहेत आणि नेमणारा कोण आहे, यावर ठरतो.

म्हणून मी सर्वोच्च न्यायालय आणि अपील न्यायालय यांना एकच माप लावत नाही. अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती वरच्या कोर्टाच्या निकालांनी बांधलेले असतात. कायदा आवडो न आवडो, लावावाच लागतो. त्यांच्या निकालाचा शेवट तुम्हाला पटला नाही म्हणून ‘नो’ देणं मला चुकीचं वाटतं, कारण बऱ्याचदा तो शेवट त्यांच्या हातात नसतोच. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींच्या दृष्टिकोनाला खरोखर जागा असते, म्हणून तिथे एखाद्या मतदाराने ‘यांची राज्यघटनेकडे बघण्याची रीत मला मान्य नाही’ असं ठरवलं तर ते मी गैर म्हणणार नाही. मात्र त्यासाठी अनेक निकालांतून दिसणारी रीत हवी. एका गाजलेल्या खटल्यावरून ती कळत नाही.

मग ‘नो’ला पुरेसं कारण कोणतं? माझ्या लेखी तीन आहेत: गैरवर्तन, दिरंगाई आणि निकालपत्रातला तर्क कच्चा असणं. तिन्ही घरबसल्या तपासता येतात.

गैरवर्तनासाठी कॅलिफोर्नियात स्वतंत्र आयोग आहे, कमिशन ऑन ज्युडिशियल परफॉर्मन्स. १९६० पासून तो आहे, अकरा सदस्य, त्यांत सहा सामान्य नागरिक. त्याच्या संकेतस्थळावर जाहीर शिक्षांचे आदेश नावाने शोधता येतात. आडनाव टाका, दोन मिनिटांचं काम आहे. हा आयोग नुसता ताशेरे ओढून थांबत नाही, पदावरून काढूही शकतो. २०२० मध्ये लॉस एंजेलिसच्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका न्यायमूर्तींना त्याने लैंगिक छळाच्या कारणावरून काढलं. अपील पातळीवरच्या न्यायमूर्तीला आयोगाने काढण्याची ती पहिलीच वेळ होती. यातून एक गोष्ट कळते: कोर्टाच्या दाराआडचं वागणं मतदाराला बॅलटवरून दिसू शकत नाही, ते तपासणाऱ्याच्या नोंदीतच सापडतं. म्हणून सुरुवात तिथून करावी.

दिरंगाई हा विषय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत असा नियम आहे की प्रकरण निकालासाठी दाखल झाल्यावर नव्वद दिवसांत निर्णय दिला नाही तर त्या न्यायाधीशाला पगार घेता येत नाही. पगारासाठी त्यांना तसं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ऐकायला कडक वाटतं. पण पळवाट ‘निकालासाठी दाखल’ या टप्प्यात आहे. अपिलात तोंडी युक्तिवाद झाला, किंवा पक्षकारांनी तो सोडून दिला, की प्रकरण त्या टप्प्यावर येतं. आणि युक्तिवादाची तारीख लावतं कोर्टच, सहसा निकालपत्राचा मसुदा तयार झाल्यावर. म्हणजे दोन्ही बाजूंचं लेखी म्हणणं पूर्ण होऊन फाइल तयार पडलेली असते, पण तारीख लागत नाही तोवर नव्वद दिवसांचं मोजमाप सुरूच होत नाही. २०२२ मध्ये सॅक्रामेंटोच्या तिसऱ्या जिल्ह्याच्या प्रमुख न्यायमूर्तींना याच आयोगाने दहा वर्षांत सुमारे दोनशे प्रकरणांत झालेल्या उशिराबद्दल जाहीर ताकीद दिली आणि ते निवृत्त झाले. त्या प्रकरणांतल्या माणसांचा विचार करा. मुलाचा ताबा कोणाकडे याचं अपील अडून राहिलं तर मूल तेवढ्या काळात मोठं होतं. कैद्याला शिक्षा कमी व्हायची असेल तर ती कमी होईपर्यंत भोगून संपते.

तुम्ही हे कसं तपासाल? अपील न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकरणाची रोजनिशी असते. निकालपत्रावरचा क्रमांक टाकला की तारखा दिसतात. शेवटचं लेखी म्हणणं कधी दाखल झालं आणि निकाल कधी लागला, एवढं अंतर बघा. चार-पाच प्रकरणं पुरतात. एखाद्यात अंतर मोठं असेल तर कारणं असू शकतात: जाडजूड रेकॉर्ड, वरच्या कोर्टात त्याच मुद्द्यावर थांबलेला दुसरा खटला, वकिलांनीच मागितलेल्या मुदती. प्रत्येक प्रकरणात तेच दिसलं तर मात्र ते लक्षण आहे.

आता तर्क. निकालपत्र वाचायला वकील असावं लागत नाही, क्रम उलटा ठेवावा लागतो. आधी शेवटचं पान उघडा. तिथे ‘डिस्पोझिशन’ या मथळ्याखाली एक-दोन ओळींत काय हुकूम झाला ते असतं: खालच्या कोर्टाचा निर्णय कायम, किंवा रद्द करून परत पाठवला. त्याखाली लिहिणाऱ्या न्यायमूर्तींचं नाव, आणि ‘वुई कन्कर’ असं लिहून सहमत झालेल्या दोघांची नावं. खंडपीठ तिघांचं असतं, म्हणून ज्यांचं काम तपासताय त्यांनी लिहिलेलं पत्र आहे की नुसती सहमती आहे, हे याच पानावर कळतं.

शेवटचं पान आधी वाचण्याचा दुसरा फायदा असा की मथळ्यांची भीती जाते. ‘कोर्टाने खुन्याला सोडलं’ अशी बातमी असते आणि हुकुमात असतं की दोषी ठरवणं कायम, शिक्षेची सुनावणी पुन्हा घ्या. टेनेसीत १९९६ मध्ये नेमकं हेच झालं. न्यायमूर्ती पेनी व्हाइट यांच्याविरुद्ध एका मृत्युदंडाच्या खटल्यावरून टपालाने पत्रकं वाटली गेली. त्या खटल्यात कोर्टाने आरोपीला दोषी धरणं कायम ठेवलं होतं, फक्त शिक्षेची सुनावणी नव्याने घ्यायला सांगितली होती. आणि ते निकालपत्र व्हाइट यांनी लिहिलेलंही नव्हतं, त्या बहुमतात होत्या एवढंच. त्यांचं पद गेलं.

मग पहिल्या पानावर या. घटनाक्रम वाचून झाला की शोधा: कोर्ट कोणत्या मापाने तपासतंय? अपिलात तीन मापं वारंवार येतात. पुराव्याचा प्रश्न असेल तर खालच्या निष्कर्षाला पुरेसा आधार आहे का एवढंच बघतात, पुरावा नव्याने तोलत नाहीत. न्यायाधीशाच्या विवेकाधिकाराचा प्रश्न असेल तर तो अगदीच अवाजवी वापरला का ते बघतात. कायद्याच्या अर्थाचा प्रश्न असेल तरच पाटी कोरी ठेवून स्वतः विचार करतात. चांगला न्यायमूर्ती हे माप सुरुवातीला सांगतो आणि शेवटपर्यंत पाळतो. कच्चा न्यायमूर्ती सुरुवातीला ‘आम्ही पुरावा नव्याने तोलणार नाही’ असं लिहितो आणि चार पानांनी तेच करून बसतो.

दुसरी खूण म्हणजे हरलेल्या बाजूचं म्हणणं कसं मांडलंय. पूर्ण ताकदीने मांडून मग का टिकत नाही ते सांगितलंय, की एका वाक्यात उडवून लावलंय? हरलेल्या माणसाला हे पत्र वाचून आपण का हरलो ते कळायला हवं. शक्य असेल तर त्या न्यायमूर्तींचं एखादं भिन्नमत शोधून वाचा. सहकाऱ्यांशी असहमत होताना माणूस मुद्द्यावर बोलतो की माणसांवर, हे तिथे चटकन दिसतं. आणि एक निकाल असा निवडा ज्यात अप्रिय बाजू जिंकलीय: आरोपी, मोठी कंपनी, सरकार, तुमच्या मनाला जी पटत नाही ती बाजू. तिथेही माप तेच राहिलं असेल तर तुम्हाला हवं ते उत्तर मिळालं.

एवढ्याला एका नावामागे साधारण अर्धा तास लागतो. तुमच्या बॅलटवर सर्वोच्च न्यायालयाची तीन-चार आणि सहाव्या जिल्ह्याची थोडी नावं असतील तर दोन संध्याकाळी पुरतात. लॉस एंजेलिसमध्ये इतकी नावं असतात की प्रत्येकाला अर्धा तास देणं कोणालाच शक्य नाही. तिथे आयोगाची यादी सगळ्यांसाठी तपासावी, निकालपत्रं सर्वोच्च न्यायालयाच्या नावांची वाचावीत आणि उरलेल्यांना काही आढळलं नाही म्हणून ‘यस’ द्यावं किंवा कोरं ठेवावं. राज्याच्या मतदार माहिती पुस्तिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची थोडक्यात माहिती असते, ती ओळखीपुरती ठीक आहे, कामाचा पुरावा म्हणून नाही.

थोडक्यात माझा क्रम असा: आधी शिस्तीची नोंद, मग तारखा, मग दोन-तीन निकालपत्रं. काही वावगं सापडलं नाही तर ‘यस’. वेळच मिळाला नाही तर कोरं. ‘नो’ द्यायचं तर हातात कारण हवं, आणि ते दुसऱ्याला एका वाक्यात सांगता यायला हवं.

हाच निकष त्या ‘सगळ्यांना नो’ यादीला लावा. यादी करणाऱ्याने कोणाच्याही नावापुढे कारण दिलंय का? नसेल तर ती यादी न्यायमूर्तींबद्दल नाहीच, सरकारवरच्या किंवा पेट्रोलच्या भावावरच्या रागाबद्दल आहे. ‘सगळ्यांना यस’ म्हणणारी यादीही तितकीच आळशी, पण तिचं नुकसान कमी, कारण वाईट न्यायमूर्तीला काढायला आयोगाचा दुसरा दरवाजा उघडा असतो. चांगल्या न्यायमूर्तीला चुकून काढलं तर मात्र परत आणायला तसा सोपा दरवाजा नाही.

शेवटच्या दहा दिवसांत येणाऱ्या रंगीत पत्रकांबद्दल विशेष जपा. न्यायमूर्तीला त्यांना नीट उत्तर देता येत नाही. समोर असलेल्या किंवा येऊ घातलेल्या प्रकरणावर बोलण्यावर त्यांना आचारसंहितेची कडक बंधनं आहेत, आणि आपण पुढे काय निकाल देऊ याची हमी तर देताच येत नाही. आमदार पत्रकाला पत्रकाने उत्तर देतो, न्यायमूर्ती गप्प बसतो. ती शांतता कबुली समजू नका.

तुमच्या ओळखीचे लोक इतर राज्यांतही असतील म्हणून थोडं त्यांच्यासाठी, कारण नियम बदलले की ‘नो’चं वजनही बदलतं. बहुतेक राज्यांत निम्म्याहून एक मत जास्त पुरतं आणि हरणारे न्यायमूर्ती फारच थोडे असतात, शंभरात एखादा. इलिनॉयमध्ये मात्र साठ टक्के ‘यस’ लागतात. हिशोब करून बघा: हजार मतांत ५९० ‘यस’ आणि ४१० ‘नो’ पडले तरी पद जातं. म्हणजे एका ‘नो’ची भरपाई करायला दीड ‘यस’ लागतो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे थॉमस किलब्राइड यांना निम्म्याहून बरीच जास्त मतं पडूनही ते साठला पोचले नाहीत आणि गेले. शिकागोकडच्या मंडळींनी नुसता निषेध म्हणून ‘नो’ करण्याआधी हे ध्यानात घ्यावं. न्यू मेक्सिकोत ही रेषा ५७ टक्क्यांवर आहे.

पेनसिल्व्हेनियात न्यायमूर्ती पहिल्यांदा पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात आणि दहा वर्षांनी रिटेन्शनला उभे राहतात, तेही विषम वर्षांत, जेव्हा मतदानाला फार लोक फिरकत नाहीत. २००५ मध्ये कायदेमंडळाने स्वतःची पगारवाढ करून घेतली, लोकांचा संताप उसळला आणि तो निघाला न्यायमूर्ती रसेल नायग्रो यांच्यावर. ओक्लाहोमात १९८४ पासून पदावर असलेल्या इव्हॉन कॉगर २०२४ मध्ये अगदी थोडक्या मतांनी गेल्या, रिटेन्शनमध्ये हरलेल्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्याच न्यायमूर्ती.

अलास्का, ॲरिझोना, कोलोराडो आणि युटामध्ये मतदाराचं काम सोपं आहे, कारण तिथे सरकारी मूल्यमापन मंडळं आहेत. वकील, ज्यूरीत बसलेले नागरिक, कोर्टाचे कर्मचारी यांच्याकडून अभिप्राय घेऊन प्रत्येक नावावर अहवाल छापला जातो. कॅलिफोर्नियात असं मंडळ नाही ही मला खरी उणीव वाटते, वर सांगितलेला अर्ध्या तासाचा खटाटोप त्यामुळेच करावा लागतो. न्यू जर्सी आणि टेक्सासमधल्या आप्तांना मात्र हा प्रश्न पडणारच नाही. न्यू जर्सीत नेमणूक आहे आणि मतदान नाही, टेक्सासमध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जवळपास सगळे पक्षाच्या नावावर निवडून येतात.

कोऱ्या मताबद्दल अजून एक. जपानमध्येही सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांवर मतदान होतं, १९४९ पासून, पण तिथे नको असलेल्या नावापुढे फुली मारायची असते आणि कोरं ठेवलं की पसंती धरली जाते. आजवर कोणीही गेलेलं नाही. अमेरिकेतल्या कोऱ्या जागेचा तसा अर्थ होत नाही, म्हणून कोणी ‘कोरं म्हणजे यसच’ असं सांगितलं तर ते मानू नका.

आणि घरात कोणी ग्रीन कार्डवर असेल, आई-वडील किंवा पत्नी, तर त्यांच्या नावाने चुकून नोंदणी झालेली नाही ना ते बघा. नागरिक नसताना मत दिलं तर देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते, मग बॅलट आपोआप घरी आलं होतं हे कारण पुढे करून उपयोग होत नाही. डीएमव्हीत, म्हणजे वाहन परवाना कार्यालयात, लायसन्सचा अर्ज भरताना मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, चूक बहुधा तिथे होते. नोंदणी झालेली आढळली तर बॅलटला हात न लावता काउंटीच्या रजिस्ट्रारकडे लेखी कळवून नाव काढून घ्या, त्या पत्राची प्रत जपून ठेवा आणि नागरिकत्वाचा अर्ज भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा.